पऱ्हाटीचा कोळसा आणि औषधाचा वास येणारी विहीर

चोपडा तालुक्यातले एक शेतकरी बंधू विचारतात: "विहिरीच्या काठावरच फवारणीचा पंप धुतो. आता पाण्याला औषधाचा वास येतोय. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, बायोचार करून ड्रममध्ये भरला आणि त्यातून पाणी गाळलं, तर पिता येईल का?" यावलच्या एका ताईंचा प्रश्न: "बोअरच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ९० मिलिग्रॅम निघालं. हाच कोळसा चालेल का? घरात तान्हं बाळ आहे."

दादा, पिण्यासाठी नाही. वास येतोय म्हणता तर त्या विहिरीचं पाणी पिणं आजच बंद करा. जनावरांनाही पाजू नका.

बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळून केलेला कोळसा, कुचकामी आहे असं मात्र नाही. कमी हवेत जळालेल्या काडीत असंख्य बारीक छिद्रं तयार होतात आणि त्यांच्या आतल्या पृष्ठभागावर बरीच कीटकनाशकं, रंग, शिसं-कॅडमियमसारखे धातू चिकटून राहतात. पण प्रत्येक औषध सारखं चिकटत नाही. क्लोरपायरीफॉस पाण्यात जेमतेम विरघळतं, ते कोळशाला पटकन धरतं. इमिडाक्लोप्रिड त्याच्या शेकडो पट विरघळतं, ते पाण्याबरोबर निसटून जातं. शिवाय कोळशाची छिद्रं औषधानं भरली की पुढचं औषध सरळ खाली उतरतं, आणि ती कधी भरली हे घरी कळायला मार्ग नाही. वास गेला म्हणजे औषध गेलं असं समजू नका. पाण्याच्या कारखान्यात वापरतात त्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममध्ये साधारण १००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. आपण खड्ड्यात जाळून केलेला कोळसा त्याच्या जवळपासही जात नाही.

हा कोळसा खरा उपयोगी पडतो तो पंपाच्या धुवणाला. विहीर नासते ती त्याच पाण्यानं.

त्यातही आधी धुवण कमी करा. औषधाची बाटली तीन वेळा विसळा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. पंप विहिरीपासून लांब, वावरातच विसळून ते पाणी त्याच पिकावर फवारून टाका. तरीही शेवटचं थोडं उरतंच. त्यासाठी स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात शेतकऱ्यांसाठी एक खड्डा तयार केला गेला: निम्मं गव्हाचं काड, पाव माती, पाव पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा), वर गवत. औषध या थरात अडकतं आणि काड खाणारे सूक्ष्मजीव ते हळूहळू मोडतात. आपल्याकडे पीट नाही. त्याऐवजी चांगलं कुजलेलं शेणखत घ्या आणि एकूण मिश्रणाच्या विसाव्या भागाइतकाच बायोचार टाका. जास्त कोळसा टाकायचा मोह आवरा, कारण तो औषध इतकं घट्ट धरतो की सूक्ष्मजीवांना ते मिळतच नाही. खड्डा साठ सेंटिमीटर खोल, तळाला शेततळ्याचा उरलेला जाड प्लास्टिकचा कागद आणि वर पत्रा, म्हणजे पावसानं भरून वाहणार नाही. मिश्रण ओलसर ठेवा, चिखल होऊ देऊ नका. पोरं आणि गुरं तिथे जाणार नाहीत असं कुंपण घाला.

कोळसा करायला पऱ्हाटी उत्तमच. फरदड न घेता, म्हणजे वेचणीनंतर पीक पुढे न लांबवता, वेळेवर उपटली, तर पऱ्हाटीत दडलेली गुलाबी बोंडअळीही जाळात जाते. तुराट्याही चालतात. केळीचं खोड मात्र नको, त्यात जवळजवळ सगळं पाणीच. त्याचं खत करा. वर रुंद, खाली निमुळता, गुडघ्याहून थोडा खोल खड्डा घ्या. पूर्ण वाळलेल्या काड्यांचा थर टाकून वरून पेटवा. काडीवर पांढरी राख दिसू लागली की लगेच पुढचा थर टाका. ज्वाळा वर खेळती राहिली तर धूर फारसा होत नाही. शेवटी भरपूर पाणी ओतून विझवा, पण लांबून, कारण वाफ भाजते. आत धग राहिली तर ढीग रात्री पुन्हा पेट घेतो, म्हणून सकाळपर्यंत भिजत ठेवा. मग धुऊन राख काढा आणि ज्वारीच्या दाण्याएवढा कुटा.

औषध शोषलेला कोळसा चुलीत घालू नका, भाजीच्या वाफ्यातही टाकू नका. तो धुवणाच्या खड्ड्यातच राहू द्या.

विहिरीचं पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. कीटकनाशकांची तपासणी नेहमीच्या यादीत बहुधा नसते, म्हणून तसं स्पष्ट सांगा आणि कोणती औषधं फवारली त्यांची नावं लिहून न्या.

ताई, तुमच्या बोअरला या कोळशाचा उपयोग नाही. नायट्रेट त्याला जवळजवळ चिकटतच नाही. पाण्याचा खारेपणा आणि जडपणाही त्यानं जात नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, तुमचं दुप्पट आहे. जवळ उकिरडा किंवा शोषखड्डा असेल तर तो हलवा, आणि केळीला युरिया एकदम न देता ठिबकमधून थोडा थोडा द्या. पण बोअरचं पाणी सुधारायला काळ जातो, तोवर पिण्याचं पाणी दुसरीकडून आणा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नायट्रेटमुळे रक्तातला प्राणवायू कमी पडतो, अंग निळसर दिसू लागतं. पाणी उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटेल तसं ते दाट होतं. त्यामुळे बाळाचं वरचं दूध त्या पाण्यात अजिबात कालवू नका, आणि ओठ किंवा नखं निळी दिसली तर वाट न बघता दवाखाना गाठा.