चेंबर नसताना रेडिएटेड एमिशनची चाचणी कंपनीतच करता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोटी कंपनी आहे, इथरनेट आणि आरएस-४८५ (दोन्ही तारेने डेटा पाठवायच्या पद्धती) असलेला डेटा लॉगर, म्हणजे मोजलेल्या नोंदी साठवणारं यंत्र, बनवता, युरोपातल्या ग्राहकाला सीई (युरोपात विकायला लागणारं चिन्ह) हवंय. लॅबच्या चेंबरमध्ये (बाहेरच्या रेडिओ लहरी अडवणारी खोली) रेडिएटेड एमिशनच्या, म्हणजे मालातून नकळत बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींच्या, चाचणीत पहिल्याच फेरीत १२५ मेगाहर्ट्झला लिमिटच्या ५ डीबी वर जाऊन माल नापास झाला. आता पुन्हा तासाच्या भावाने पैसे भरण्याआधी आपल्याच टेबलावर काही तपासता येईल का?

येतं, आणि जरूर करा. मी पुण्यात औद्योगिक कंट्रोलरच्या डिझाइनमध्ये आहे आणि हे काम आमच्याकडे रोजचं आहे. टेबलावर पास-नापासाचा अधिकृत आकडा मिळणार नाही. पण माल नापास का होतोय, हे चेंबरपेक्षा टेबलावरच जास्त चांगलं सापडतं, कारण तिथे घड्याळाकडे बघावं लागत नाही.

आकडा का मिळणार नाही ते आधी सांगतो. सिस्पर ३२ या आंतरराष्ट्रीय मानकात क्लास बी ची (घरगुती वापराच्या मालाचा कडक वर्ग) मर्यादा १० मीटरवर ३० ते २३० मेगाहर्ट्झपर्यंत ३० डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आणि त्यापुढे १००० मेगाहर्ट्झपर्यंत ३७ आहे. ३ मीटरवर मोजलं तर दोन्ही १० डीबीने वाढतात, म्हणजे ४० आणि ४७. ४० डीबी म्हणजे मीटरमागे फक्त १०० मायक्रोव्होल्ट. तुमच्या हॉलमध्ये अँटेना उभी केलीत की ८८ ते १०८ मध्ये एफएम स्टेशनं, पुढे विमानांचं बोलणं, ९०० च्या आसपास मोबाइल टॉवर, हे सगळं त्याहून कितीतरी वर दिसेल. शिवाय लोखंडी कपाटं, पत्र्याचं छप्पर, स्लॅबमधल्या सळ्या यांच्यावरून लहरी परावर्तित होतात. अँटेना हातभर सरकवली तरी वाचन १० डीबीने बदलू शकतं. लॅबमध्ये अँटेना १ ते ४ मीटर उंचीपर्यंत वर-खाली करतात आणि माल टर्नटेबलवर फिरवतात, ते यासाठीच. त्यामुळे टेबलावरच्या कामासाठी अँटेना विकत घ्यायची घाई करू नका. पहिला खर्च आरएफ करंट क्लॅम्पवर, म्हणजे केबलभोवती लावून तिच्यातला रेडिओ फ्रिक्वेन्सीचा करंट मोजणाऱ्या कड्यावर, करा.

तुमच्यासारख्या मालात ३०० मेगाहर्ट्झच्या खाली बोर्ड स्वतः फारसा विकिरण करत नाही, केबल करते. १ मीटरची केबल ७५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची होते, म्हणजे आयती अँटेना. त्या केबलमधल्या सगळ्या तारांतून एकाच दिशेने वाहणारा कॉमन-मोड करंट ही खरी गोष्ट. त्याचं गणित सोपं आहे: १ मीटर केबल, ५० मेगाहर्ट्झ, ५ मायक्रोअँपिअर करंट, तर ३ मीटरवर सुमारे १०५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. म्हणजे लिमिट गाठलीच. मिलिअँपिअर नव्हे, मायक्रोअँपिअर! म्हणून क्लास बी चा माल असेल तर प्रत्येक केबलवर ५ मायक्रोअँपिअरची रेघ मनात आखून ठेवा, क्लास ए ला (औद्योगिक जागांसाठीचा सैल वर्ग) साधारण १५.

हा करंट दिसण्यासाठी साधनं बेताचीच लागतात. क्लॅम्पचा ट्रान्सफर इम्पीडन्स (एका अँपिअरला तो किती व्होल्ट देतो ते) १ ओम धरला तर ५ मायक्रोअँपिअरला ५ मायक्रोव्होल्ट मिळतात, म्हणजे १४ डीबी मायक्रोव्होल्ट. ५० ओमच्या स्पेक्ट्रम अॅनालायझरवर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र) ते उणे ९३ डीबीएम दिसतं. रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे यंत्र एका वेळी बघतं तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, १२० किलोहर्ट्झ ठेवली (काही स्वस्त यंत्रांत १०० असते, चालेल) तर साध्या अॅनालायझरचा स्वतःचा नॉइज जवळपास तिथेच येतो, म्हणून मध्ये २० डीबीचा प्रीअँप (सिग्नल आधीच वाढवणारं सर्किट) हवाच. डिटेक्टर पीकवर ठेवा. लॅब क्वासी-पीकने (टोक किती वेळा येतं तेही धरणारा डिटेक्टर) मोजते, पण पीक कधीच क्वासी-पीकच्या खाली जात नाही, आणि क्लॉकच्या सलग सिग्नलला दोन्ही सारखेच येतात. प्रीअँप लावल्यावर एक खातरजमा दरवेळी करा: क्लॅम्प आणि प्रीअँपच्या मध्ये १० डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा) घाला. पडद्यावरची सगळी टोकं बरोबर १० डीबीने खाली आली पाहिजेत. एखादं १५-२० ने पडलं तर ते मालातून आलेलंच नाही, प्रीअँप ओव्हरलोड होऊन तयार झालेलं आहे.

क्लॅम्प लॉगरच्या कनेक्टरजवळ लावा आणि केबलवरून हळूहळू सरकवत जास्तीत जास्त वाचन शोधा. मग दुसऱ्या हाताने क्लॅम्पच्या पलीकडे केबल मुठीत धरा. १२५ चं टोक पडद्यावर लगेच वर किंवा खाली हललं, तर ती केबल अँटेना झालेली आहे. केबल धरूनही टोक ढिम्म राहिलं तर दुसऱ्या केबलकडे वळा. मला या कामातला हा सगळ्यात जास्त उपयोगी क्षण वाटतो, कारण मिनिटाभरात पुढच्या दोन दिवसांच्या शोधाची दिशा ठरते.

आता तुमचं १२५. २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा तो पाचवा हार्मोनिक (पाचपट फ्रिक्वेन्सी) आहे, आणि १०० एमबीपीएस इथरनेटच्या लाइनवरचा सिम्बॉल रेटही नेमका १२५ मेगाबॉड आहे. हे दोन संशयित वेगळे करायला लिंक सक्तीने १० एमबीपीएसवर आणा. टोक गेलं तर इथरनेटची बाजू बघा: ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपचे ७५ ओमचे रेझिस्टर आणि पुढचा १ नॅनोफॅरडचा हाय-व्होल्टेज कपॅसिटर कुठे जोडलाय? प्लॅस्टिकच्या डब्यात चेसिस (धातूचा सांगाडा) नसते, आणि मग तो कपॅसिटर एका बारीक ट्रॅकने डिजिटल ग्राउंडला जाऊन मिळतो. असं असेल तर तिथे रुंद कॉपर द्या. टोक तसंच राहिलं तर संशय क्रिस्टलच्या ट्रॅकवर आणि क्लॉकच्या लाइनवर. तिथे २२ किंवा ३३ ओमचा सिरीज रेझिस्टर उगमाजवळ घालून बघा.

अॅडॉप्टर दोषी आहे का हे बघायला यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी घ्या. पण अॅडॉप्टरची वायर काढून बॅटरी जवळ ठेवलीत तर एक केबलच कमी झाली, आणि निष्कर्ष चुकतो. तेवढ्याच लांबीची वायर ठेवा आणि तिच्या टोकाला बॅटरी जोडा.

इथरनेट आणि आरएस-४८५ चे कनेक्टर बोर्डाच्या दोन विरुद्ध कडांना असतील, तर ग्राउंड प्लेनवर दोन कडांमध्ये जो थोडासा व्होल्टेज पडतो तो दोन्ही केबलींना डायपोलसारखा (दोन दांड्यांची अँटेना) चालवतो. यावर फेराइट (केबलवर बसवायचं, असा करंट अडवणारं चुंबकीय कडं) लावून तात्पुरतं भागतं. पुढच्या रिव्हिजनमध्ये सगळे कनेक्टर एकाच कडेला आणा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

जवळून फिरवायच्या छोट्या लूप प्रोबने उगम सापडतो, पण तिचं वाचन लॅबच्या आकड्याशी जोडू नका. बक कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज कमी करणारं सर्किट) इंडक्टरवर प्रोब जोरात ओरडते, तरी तो ३ मीटरवर दिसेलच असं नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट तुमच्याकडे आधीच आहे: नापास झालेलं ते युनिट. त्याला हात लावू नका. त्याच केबली, तोच अॅडॉप्टर, टेबलावर चिकटपट्टीने आखलेली तीच जागा, आणि क्लॅम्पचं वाचन लिहून ठेवा. दुसऱ्या युनिटवर दुरुस्त्या करा आणि फरक मोजा. तुम्ही ५ डीबी वर होतात, म्हणून ५ डीबी खाली आणून थांबू नका. मान्यताप्राप्त लॅबच्या मोजणीतही सिस्पर १६-४-२ ने ६.३ डीबी अनिश्चितता धरलेली आहे. टेबलावर ११-१२ डीबीचा फरक दिसला की मगच बुकिंग करा.

कायद्याचं म्हणाल तर युरोपच्या २०१४/३०/ईयू या निर्देशात उत्पादकाने स्वतः तपासून स्वतःच्या सहीने जाहीर करायला मुभा आहे. तरी ग्राहक लॅबचा रिपोर्ट मागणारच, आणि टेबलावरची मोजणी ही मानकाप्रमाणे केलेली मोजणी ठरत नाही. तेव्हा शेवटची फेरी खारघरचं समीर (सरकारी संशोधन संस्था) किंवा तुमच्या जवळची कुठलीही मान्यताप्राप्त लॅब इथेच.

जाताना दोन्ही युनिटं, क्लिपचे फेराइट, कॉपर टेप आणि सोल्डरिंग आयर्न बरोबर न्या. आणि केबल कशा मांडल्या होत्या याचे फोटो व प्रत्येक फ्रिक्वेन्सीचा आकड्यांचा तक्ता लॅबकडून मागून घ्या, नुसता आलेख नको. पुढच्या मॉडेलच्या वेळी टेबलावरची वाचनं त्याच तक्त्याशी लावायची आहेत.