पाचशेच्या स्टॅम्पवरची काडीमोड

प्रिय पोरी,

मामांनी लिहून घेतलेला मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाला. दोनदा वाचला. पाचशेचा स्टॅम्प, चार साक्षीदार, नोटरीच्या शिक्क्याला सोडलेली जागा, आणि मधोमध ते वाक्य: 'आम्ही राजीखुशीने काडीमोड घेत असून यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिलेला नाही.' यावर सही करू नकोस. रविवारची बैठक पुढे ढकल. कोणी कारण विचारलं तर माझं नाव सांग.

मामांचा राग धरू नकोस. त्यांनी भावकीत संसार असेच मोडलेले पाहिलेत. चार माणसं बसली, देणंघेणं झालं, विषय संपला. आणि काडीमोड हा शब्द कोल्हापूरला नवा नाही. १९१९ साली शाहू महाराजांनी संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा केला, काडीमोडीलाही कायद्यात बसवलं. पण आता आपल्याला लागू आहे तो १९५५ चा हिंदू विवाह कायदा. (तुझ्या जैन मैत्रिणीलाही तोच लागू होतो. तिनं परवा विचारलं होतं, तिला सांग.) या कायद्यात लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्यानं. एखाद्या समाजात काडीमोडीची रूढी असेल तर कायदा तिला मानतो, पण ती जुनी आहे आणि अखंड चालत आली आहे हे पुराव्यानं शाबीत करावं लागतं. 'आमच्यात असंच चालतंय' म्हणून भागत नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक बाई अजून डोळ्यांसमोर आहे. अशाच कागदावर मोकळी झाली, दुसरं लग्न केलं, वीस वर्षं नीट नांदली. दुसरा नवरा सरकारी नोकरीत होता. तो गेला आणि पेन्शनसाठी अर्ज केल्यावर कोणीतरी तो जुना कागद पुढे केला. पहिलं लग्न कधी मोडलंच नव्हतं, म्हणजे दुसरं कायद्यानं शून्य. वीस वर्षांचा संसार असून ती विधवाही ठरली नाही. तिच्या कागदावरही चार साक्षीदार होते.

तुझ्या मसुद्यात आणखी एक खोट आहे. 'मुलगी आईकडे राहील व तिचा खर्च वडिलांकडे मागणार नाही.' तो खर्च मागायचा हक्क लेकीचा आहे, तुझा नाही. तू सोडलास म्हणून तो सुटत नाही. ताब्याचं म्हणशील तर पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच असावं असं कायदाच म्हणतो, म्हणजे तिथं मामांनी तुला काही मिळवून दिलेलं नाही.

आता खरा रस्ता. तुझा नवरा जर खरंच राजी असेल तर कलम १३ ब, संमतीचा घटस्फोट. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तू गेल्याच्या आदल्या गौरीला माहेरी आलीस ती परत गेली नाहीस, म्हणजे ती अट केव्हाच पुरी झाली. दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचं, आणि अठरा महिन्यांच्या आत पुन्हा कोर्टापुढे उभं राहून 'अजूनही हेच हवं' म्हणायचं. ते सहा महिने माफ होऊ शकतात, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं तसं म्हटलंय, पण पोटगी, मूल, दागिने सगळं आधी मिटलेलं असेल आणि समेटाची आशा उरली नसेल तर.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून त्यांच्याकडची मंडळी म्हणतील, 'आधी सह्या करा, पैसे नंतर बघू', तेव्हा गप्प बसून चहा पी. रक्कम किती, कोणत्या तारखेला, डीडीनं की खात्यावर, हे तडजोडीच्या अटींत आलं पाहिजे, आणि शेवटचा हप्ता शेवटच्या तारखेच्या आधी हातात. लेकीचा खर्च वेगळ्या ओळीत. पाटल्या, गंठण, आईनं घातलेली ठुशी याची यादी तू स्वतः कर. ते स्त्रीधन आहे, ते परत मागण्यात लाजायचं कारण नाही.

तो राजी नसेल तर वेळ लागेल, खोटं सांगत नाही. क्रूरता, किंवा सलग दोन वर्षं टाकून देणं, ही नेहमीची कारणं, आणि दोन्हींना पुरावा लागतो. 'आमचं जमत नाही, नातं संपलंय' एवढं कारण या कायद्यात नाही. त्यावर घटस्फोट देता येतो तो फक्त सुप्रीम कोर्टाला, आपल्या विशेष अधिकारात.

दरम्यान त्याच्याकडून नांदायला येण्याची नोटीस येईल. येतेच. कलम ९. गल्लीत सांगतील की पोलीस येऊन तुला उचलून नेतील. तसं काही होत नाही. कोर्ट कोणाला फरफटत सासरी पोचवत नाही. पण दावा दाखल झाला आणि तू तारखेला गेली नाहीस तर एकतर्फी निकाल होतो, आणि त्यानंतर वर्षभर एकत्र आला नाहीत तर त्याच आधारावर तो घटस्फोट मागू शकतो. म्हणून कोर्टाचा कागद आला की घ्यायचा, परत पाठवायचा नाही.

केस तिकडे चालेल म्हणून पुण्याला खेटे घालायची भीती काढून टाक. २००३ पासून बायको जिथे राहते तिथे तिला अर्ज करता येतो, म्हणजे इथेच. पोटगीही इथूनच मागता येते, घटस्फोट मागितला नाहीस तरी. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ कलम आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. दोघांनाही उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यामुळे 'पगार हातात येतच नाही' हे रडगाणं फार चालत नाही. आणि उद्या अपील करायची वेळ आलीच, तर आम्ही वकिलांनी जन्मभर महालक्ष्मी एक्सप्रेसनं केलेली मुंबई तुझ्या नशिबी नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथेच कोल्हापुरात बसतंय. किती वर्षं भांडलो त्यासाठी, ते पुन्हा कधीतरी.

राहिली पोलीस केस. मामा म्हणतात, छळाची तक्रार ठोकू, मग वठणीवर येतील. तू मला सांगितलंस त्यात टोमणे आहेत, अबोला आहे, पगार काढून घेणं आहे, मारहाण नाही. मग मारहाण लिहायची नाही. उलटतपासणीत एक खोटं सापडलं की दहा खरी बुडतात. पगार काढून घेणं हा मात्र आर्थिक छळ आहे, आणि त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. संरक्षण, राहण्याची सोय, खर्च, सगळं त्यात मागता येतं. आत्ताच तो वापरायचा का, हे तू ठरवायचं.

माझ्या फीची चिंता करू नकोस. आणि ओळखीतल्या माणसाला सगळं सांगायचा संकोच वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मला वाईट वाटणार नाही.

बुधवारी सहानंतर घरी ये. लग्नपत्रिका, लग्नाचे दोन फोटो, नोंदणीचा दाखला, लेकीचा जन्मदाखला, तुझं पासबुक आण. त्याची पगाराची स्लिप फोनमध्ये कुठे असेल तर तीही. आईला घेऊन ये. मामा आले तर त्यांना खाली आमच्या ह्यांच्याबरोबर बसव, चहा मिळेल. वर तू आणि आई दोघीच.

तुझी,
वकीलकाकू