आधी जागा लिही

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पिल्लं देणाऱ्या भेकांवर, बेडकांच्या या भाऊबंदांवर, काम करायचं ठरवलंस, फार आनंद झाला. पण पत्रभर नुसता प्राणी आहे. तो बसतो ती जागा कुठेच नाही. म्हणून टांझानियातल्या किहान्सीची हकीकत सांगतो.

उडझुंग्वा डोंगरात किहान्सी नदी कड्यावरून कोसळते. तिच्या तुषारांनी कायम भिजलेली जेमतेम २ हेक्टर, म्हणजे पाचेक एकर जागा. तेवढ्यातच एक पिवळाधमक भेक राहायचा, जगात दुसरीकडे कुठेच नाही. शास्त्रज्ञांना तो १९९६ मध्ये सापडला. मोठा झाला तरी जेमतेम इंचभर. गाभण मादीच्या पोटाची कातडी इतकी पातळ, की आत वाढणारी पिल्लं बाहेरून दिसतात. पाण्यात अंडी नाहीत, बेडूकमासे नाहीत; तांदळाच्या दाण्याएवढी, पाय फुटलेली पिल्लंच बाहेर येतात.

डबक्याची गरज उरली नाही, पण तुषारांवाचून चालत नव्हतं. २००० साली वरचं धरण सुरू झालं, सुमारे ९० टक्के पाणी विजेसाठी वळलं आणि घळ सुकली. मग पाइप टाकून फवारे बसवले, आपल्याकडे शेतात तुषार सिंचन करतात तसे. संख्या सावरली, पण २००३ मध्ये कोसळलीच. बेडकांच्या कातडीला लागून त्यांना मारणारी कायट्रिड बुरशीही आढळली. २००९ मध्ये निसर्गातून नामशेष अशी नोंद झाली. वाचले ते २००० मध्येच न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात नेलेल्या ४९९ भेकांचे वंशज. २०१२ मध्ये त्यांना घळीत परत सोडायला सुरुवात झाली.

माझ्या सुरुवातीच्या वह्यांत लांबी, रंग, आवाज सगळं आहे. दगड किती ओला होता, वारा कुठून येत होता, हे एकाही पानावर नाही. त्याची हळहळ अजून जात नाही. तू बेडकाला हात लावण्याआधी थोडा वेळ नुसतं बस. शेवाळ दाबून बघ, पाणी निथळतं का. थेंब कुठून येतात ते लिही. मग मोजपट्टी काढ. आणि बूट धुऊन, वाळवूनच दुसऱ्या ओढ्यात उतर. बुरशी आपल्या पायांनीही फिरते.

टांझानियाच्या तिकिटासाठी अडून राहू नकोस. आपल्या कोकणातला गेगेनिओफिस शेषाचारी हा देवगांडूळ, म्हणजे बेडकांच्याच गोतातला पण बिनपायांचा, गांडुळासारखा दिसणारा प्राणी, तोही पिल्लंच देतो. आशियातला असा पहिला उभयचर म्हणून २००८ मध्ये त्याची नोंद झाली. पाऊस लागला की त्याच्यापासून सुरुवात कर. उलटलेला दगड मात्र होता तसाच परत ठेव.

पहिली वही भरली की घेऊन ये.