मोंढ्यातलं फॉक्सप्रो

लेकरा,

अनेक आशीर्वाद. आडतीचा फॉक्सप्रोमधला जुना हिशेबाचा प्रोग्रॅम ब्राउझरवर आणायचं काम तू घेतलंस, बरं केलंस. मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच बंद केला; आपल्या धान्याच्या मोंढ्यात मात्र अजून त्याच्यावरच शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या निघतात.

फोनवर म्हणालास, आधी डेटाबेसचा आराखडा काढतो. काढशील रे. त्याआधी दोन दिवस मुनीमजींच्या शेजारी स्टूल टाकून बस. त्यांची नजर स्क्रीनवर नसतेच, काट्याच्या चिठ्ठीवर असते. कट्टे, एंटर. वजन, एंटर. भाव, एंटर. माऊस कुठंतरी वहीखाली पडलेला. ब्राउझरमध्ये एंटर दाबलं की पुढच्या रकान्यात जायचं सोडून अर्धाच फॉर्म सेव्ह होऊ शकतो. आणि एफ-फाईव्हवर त्यांची नवी पट्टी उघडत असेल, तर इथं पान रिफ्रेश होऊन भरलेलं सगळं उडेल. एफ-फाईव्ह तुला अडवता येईल. कंट्रोल-एन मात्र क्रोम तुझ्या हाती देत नाही, त्याला दुसरी की शोध.

आता माझी फजिती ऐक. डीबीएफमध्ये, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटाच्या फाईलमध्ये, डिलीट केलेली नोंद पुसली जात नाही, तिच्यावर नुसती खूण पडते. ‘पॅक’ची कमांड देऊन फाईल साफ केल्याशिवाय ती फाईलमध्ये तशीच बसून असते. एका आडतीचा डेटा उचलताना मी ती खूण बघितलीच नाही. वर्षांपूर्वी फिटलेल्या उचली पुन्हा शेतकऱ्यांच्या नावावर चढल्या. एक म्हातारे बाबा तुरीची पट्टी घेऊन आले, म्हणाले, “साहेब, हे पैसे मी पोरीच्या लग्नाआधी फेडले होते.” मालकानं वही काढली, बाबांचंच खरं निघालं. तेव्हापासून मी नोंदी मोजून थांबत नाही. प्रत्येक खात्याची बाकी जुन्या-नव्याला पैशासकट ताडून बघतो. आणि पैशाचा रकाना फ्लोटमध्ये ठेवू नकोस, तिथं आकडा अंदाजे साठतो; नेमका आकडा धरणाऱ्या डेसिमलमध्ये ठेव.

नावांचा घोळ वेगळाच. जुना मराठी फॉन्ट दिसतो तसं साठवतो. ‘किल्लारी’त वेलांटी आधी, क नंतर, आताच्या युनिकोड पद्धतीला क आधी लागतो. ‘अर्धापूर’चा रफार तिकडं ध च्या नंतर असतो, इकडं ध च्या आधी आणावा लागतो. कन्व्हर्टर बरंचसं उरकतो, पण गावांची यादी मुनीमजींकडून एकदा वाचून घेच.

प्रिंटरचं आधीच सांगून ठेव. डॉट मॅट्रिक्सला फॉक्सप्रो नुसती अक्षरं पाठवतं, म्हणून पट्टी झरझर निघते. ब्राउझर पानाचं चित्र पाठवतो. कार्बनच्या तीन प्रती निघेपर्यंत हमालसुद्धा ओरडायला लागतात. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मधे एक छोटा प्रोग्रॅम बसवावा लागेल.

मालक म्हणतील, दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर चालू करू. हात जोडून नाही म्हण. तेव्हा सोयाबीनच्या गाड्या रांगेत उभ्या असतात. आषाढात आवक कमी असते. तेव्हा महिनाभर दोन्ही शेजारी-शेजारी चालव, रोज संध्याकाळी बेरीज जुळव. मुनीमजी कुरकुरतील, कारण काम दुप्पट त्यांनाच. त्यांच्या चहाचं बघ.

प्रिंटरवाला प्रोग्रॅम माझ्याकडे पडून आहे. येताना पेनड्राईव्ह आण.

तुझा,
काका