भाऊसाहेबांची खिडकी : अर्ज परत आलाय, आता काय?

*नर्सिंग महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं बसून निवृत्त झालेले आमचे भाऊसाहेब वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.*

प्रश्न : आदरणीय भाऊसाहेब, मी बीड जिल्ह्यातली. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, खासगी विनाअनुदानित कॉलेजात. प्रवेश सीईटी देऊन कॅप राउंडमधून (शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून) झाला. आम्ही ओबीसी, घरची अडीच एकर कोरडवाहू. महाडीबीटीचा, म्हणजे शासनाच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलचा, फॉर्म गावातल्या सेंटरवर भरला होता. परवा मैत्रिणीच्या मोबाईलवर लॉगिन केलं तर तो ‘सेंड बॅक’ झालेला, आणि त्याला बावीस दिवस होऊन गेलेले. शेरा एवढाच : उत्पन्नाचा दाखला ग्राह्य नाही. शिवाय आधारवरच्या आणि दहावीच्या मार्कशीटवरच्या माझ्या नावात एका अक्षराचा फरक आहे. कॉलेज म्हणतंय, फॉर्म मंजूर नसेल तर पूर्ण फी भरा. वडील बैलजोडी विकायला निघालेत. माझी हॉस्पिटलची ड्युटी सुरू झालीय, सुटून येईपर्यंत ऑफिस बंद झालेलं असतं. काय करू?

उत्तर : पोरी, आधी घरी फोन लाव आणि बैलजोडी दावणीलाच राहू दे म्हणून सांग. ‘सेंड बॅक’ म्हणजे ‘रिजेक्ट’ नव्हे. रिजेक्ट म्हणजे दार लागलं. सेंड बॅक म्हणजे दारात उभं करून विचारलं, की बाई, चप्पल काढून ये.

तुझा अर्ज तुझ्या लॉगिनमधून कॉलेजच्या कारकुनाकडे जातो, तिथून प्राचार्यांकडे, मग खात्याकडे. वाटेत कुणालाही काही खटकलं की तो तुझ्याकडे परत येतो. दुरुस्त करून पुन्हा पाठवलास की रांगेत लागतो. मात्र मुदतीच्या आत. मुदतवाढ मिळतेच, या भरवशावर राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि मुदत संपल्यावर खिडकीसमोर उभी राहिलेली त्यांची तोंडंही पाहिली आहेत.

आता दाखला. न बघता सांगतो, तीनपैकी एक भानगड असणार. एक, तू तलाठ्याचा दाखला जोडला असशील. तो तहसील कार्यालयात दाखवायला असतो. इथे चालतो तो तहसीलदारांच्या सहीचा, सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढलेला. दोन, दाखल्याची मुदत संपली असेल. ‘३१ मार्चपर्यंत वैध’ ही खालची बारीक ओळ कुणी वाचत नाही, आणि बारावीसाठी काढलेला दाखला पोरं नर्सिंगला जोडतात. तीन, सेंटरवाल्याने उत्पन्नाच्या जागी नॉन-क्रिमीलेअर चढवलं असेल. दोन्ही कागदांवर सरकारी शिक्का आणि उत्पन्नाचा उल्लेख, त्यामुळे त्याची गल्लत होते. नॉन-क्रिमीलेअर तुझ्या आरक्षणासाठी, उत्पन्नाचा दाखला शिष्यवृत्तीसाठी. लागतात दोन्ही, पण आपापल्या रकान्यात. वडिलांना उद्याच्या उद्या तहसीलला पाठव, आणि येताना बारकोडचा आकडा स्पष्ट दिसेल असा फोटो काढायला सांग. अंगठा मध्ये आलेले फोटो मी आयुष्यभर पाहिले.

नावाचं असं : मार्कशीटच्या मागे लागू नकोस. बोर्डाच्या कागदावरचं नाव बदलणं म्हणजे शाळा, बोर्ड आणि पुन्हा शाळा. आधार बदलून घे, दहावीच्या मार्कशीटवर आहे तसं, अक्षर न् अक्षर. बोर्ड आडनाव आधी छापतं, त्याने घाबरू नकोस. क्रम वेगळा चालतो, स्पेलिंग वेगळं अडतं. आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा केंद्रात समोरच्या स्क्रीनवर स्वतः वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणायचं नाही. पुढे नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीलाही हेच नाव लागणार आहे, म्हणजे हे काम फुकट जात नाही.

बावीस दिवसांबद्दल मात्र मला तुला रागवायचा अधिकार नाही. का ते सांगतो.

महाडीबीटी नवीन होतं. कागदी फॉर्मचे गठ्ठे सुतळीने बांधून एसटीने समाजकल्याणला नेण्यात माझी उमेद गेलेली, आणि आता एकदम स्क्रीन. एका मुलीच्या अर्जात जातवैधता प्रमाणपत्राची फक्त पहिली बाजू जोडलेली होती. मी ‘डॉक्युमेंट अपूर्ण’ असे दोन शब्द टाकून अर्ज परत पाठवला. कुठलं डॉक्युमेंट, काय अपूर्ण, काही नाही. तिच्या अर्जातला मोबाईल नंबर गावच्या सेंटरवाल्याचा होता, मेसेज त्याला गेला. ती महिनाभर रात्रपाळीला. माझ्या खिडकीपासून वॉर्ड चालत चार मिनिटांवर, पण मी उठलो नाही. मुदत गेली, तिचं ते वर्ष गेलं. फी तिच्या मामाने भरली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी परत पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची चिठ्ठी वसतिगृहाच्या नोटीस बोर्डावर हाताने लिहून लावत असे. सगळीकडे असं कुणी करत असेल असं नाही, म्हणून दर सोमवारी लॉगिन उघडून बघणं तुझ्याकडे. आणि आजच प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाईल नंबर व ईमेल स्वतःचा आहे का ते बघ. सेंटरवाल्याचा असेल तर बदल. पासवर्डही बदल. तो माणूस वाईट असतो असं नाही, पण त्याच्या एका मोबाईलवर सगळ्या गावाचे ओटीपी येत असतात.

फीचं आता. जुलै २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात पन्नासऐवजी शंभर टक्के सवलत. वैद्यकीय शिक्षण खात्याचे अभ्यासक्रम त्यात आहेत, विनाअनुदानित कॉलेजंही आहेत. अट ही, की प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या मुलीला ही सवलत नाही, खासगी अभिमत विद्यापीठातही नाही. तुझा कॅपचा अलॉटमेंट लेटर सोन्यासारखा जप आणि अर्जात जोडला आहे का ते आधी बघ. प्राचार्यांना एक पानी अर्ज दे : या निर्णयाची मी पात्र लाभार्थी आहे, माझा अर्ज दुरुस्तीत आहे, अर्ज क्रमांक हा, तरी शिक्षण शुल्काची मागणी थांबवावी. पोच घे. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, आवक क्रमांक पडला की कागद फाईलला लागतो. पण हेही समजून घे, की मेस, वसतिगृह, गणवेश, अनामत यातलं काही या सवलतीत बसत नाही. ते मागितलं म्हणून कॉलेजशी भांडू नकोस.

ऑफिस बंद होण्याबद्दल : क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला खरं कारण सांग आणि जेवणाच्या सुट्टीत ये. येताना हात हलवत येऊ नकोस. एका कागदावर अर्ज क्रमांक, परत आल्याची तारीख, शेरा आणि आपण काय दुरुस्त केलं, एवढं लिहून आण. समोर दीडशे अर्ज असलेल्या माणसाला तो कागद मिळाला की तो तुझंच काम आधी करतो. मी तरी करत असे.

प्रश्न : मुलगी जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. पोर्टलवर रक्कम जमा झाल्याचं दिसतं, पासबुकात नाही. बँक म्हणते कॉलेजला विचारा, कॉलेज म्हणतं बँकेला. पासबुक आधारला लिंक आहे, मी स्वतः फॉर्म भरून दिला होता. — एक पालक, सोलापूर जिल्हा

उत्तर : दादा, पैसे बहुधा आलेत, फक्त तुम्ही बघताय त्या खात्यात नाहीत. आधार लिंक करणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसा थेट खात्यात यावा म्हणून, सीडिंग करणं या दोन गोष्टी आहेत, आणि बँकेतला पोरगा घाईत दोन्हींना ‘लिंक’च म्हणतो. आधार पाच बँकांत दिलेलं असू शकतं, पण सरकारी पैसा जातो एकाच खात्यात, सगळ्यात शेवटी जे सीडिंग झालं त्यात. अर्जात तुम्ही कुठला खाते क्रमांक लिहिला याला फारसा अर्थ नाही.

मुलीला आधारच्या वेबसाइटवर लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघायला सांगा. बँकेचं नाव दिसेल, आणि सीडिंग चालू आहे की बंद तेही. आमच्याकडच्या एका मुलीचं तिथे अशा बँकेचं नाव निघालं जी तिने कधी ऐकली नव्हती. बाजारात सिमकार्ड घेताना दोनदा अंगठा लावून घेतला होता, दुसरा अंगठा खातं उघडण्याचा होता. पैसे तिथे सुखरूप पडून होते.

दुसरी शक्यता, तिचं खातं आठवीत शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी तुमच्या नावासोबत उघडलेलं असेल. अज्ञानाचं, म्हणजे अल्पवयीनाचं, खातं अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर नव्याने कागद देऊन सज्ञानाचं करून घ्यावं लागतं, नाहीतर व्यवहार अडतात. दोन वर्षं काहीच व्यवहार नसेल तरी खातं झोपतं. मुलीला सोबत घेऊन जा, तुमच्या एकट्याच्या सहीने होणार नाही. आणि खातं एकदा ठरलं की पास होईपर्यंत दुसऱ्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरू नका, कुणी कितीही टिफिन बॉक्स फुकट देवो.

प्रश्न : मला खासगी ट्रस्टच्या शिष्यवृत्तीला अर्ज करायचा आहे. ‘तुम्हाला नर्स का व्हायचंय’ यावर दोनशे शब्द लिहायचे आहेत. नमुना द्याल का? — विद्यार्थिनी, नाशिक जिल्हा

उत्तर : नमुना देणार नाही. दिला तर पुढच्या महिन्यात त्या ट्रस्टच्या टेबलावर तोच मजकूर चाळीस वेळा जाईल.

आमच्या मुलींचे असे अर्ज टाइप करायला माझ्याकडेच यायचे. दहातल्या आठांची सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या दिव्याने, उरलेल्या दोघींना लहानपणापासून रुग्णसेवेची आवड. वाचणाऱ्याच्या हाती काय लागणार? एकच अर्ज मला अजून पाठ आहे. आजी अंथरुणाला खिळलेली, ही बारावीत. तिने लिहिलं होतं : आजीला कुशीवर वळवायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पाठीला जखम झाली, वास आल्यावर कळलं, ते वळवणं मला शिकायचं आहे. मी टाइप करताना थांबलो. तिला मुलाखतीला बोलावलं, शिष्यवृत्तीही मिळाली. तुझ्याकडे असं काही असेल तर लिही, नसेल तर बनवू नकोस. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं. घरात पहिली पगारी नोकरी माझी असावी, हेही सरळ कारण आहे. ते लिहायची लाज वाटायचं कारण नाही.

खर्चाच्या रकान्यात मात्र ‘परिस्थिती हलाखीची’ नको, आकडे हवेत. मेस महिन्याला किती, क्लिनिकल पोस्टिंगला जायचं बसभाडं किती, गणवेशाचे दोन जोड, पांढरे बूट, सेकंदकाट्याचं घड्याळ, जर्नलं. फी माफ झालेल्या मुलींची शिक्षणं अशा फुटकळ खर्चांपायी अडलेली मी पाहिली, आणि ट्रस्टवाल्यांना ते ठाऊक असतं. लीला पूनावाला फाउंडेशन फक्त मुलींना आणि ठरावीक जिल्ह्यांतच देतं, म्हणून कुठेही अर्ज करण्याआधी जिल्ह्याची अट वाच. पुण्यात शिकायला जाणार असशील तर विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींच्या राहण्याजेवणाची सोय करते. रोख रकमेइतकीच ती मोलाची आहे. तू ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) वा एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असशील आणि शासकीय वसतिगृहात नंबर लागला नसेल तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनाही बघ : शहराप्रमाणे वर्षाला ३८ हजारांपासून ६० हजारांपर्यंत. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयं. स्वतःच्याच गावात राहून शिकणाऱ्याला यातली कुठलीच मिळत नाही.

आणि ‘मंजूर करून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारा भेटला तर त्याला तुमच्या प्राचार्यांसमोर हेच वाक्य बोलायला सांग. येणार नाही.

प्रश्न : बारावीनंतर दोन वर्षं नीट दिली, जमलं नाही, आता बी.एस्सी. नर्सिंगला आहे. फॉर्ममध्ये ‘गॅप’ विचारतात. लपवू का? — विद्यार्थी, लातूर

उत्तर : लातूरचा आहेस आणि नीटचा गॅप लपवतोस? तुझ्या गल्लीत निम्म्या घरांत असेल. गॅपचं प्रतिज्ञापत्र करून जोड आणि त्यात ‘नीटची तयारी करत होतो’ असं सरळ लिही. आमच्याकडे एकाने लाजेपोटी ‘आजारी होतो’ लिहिलं. साहेबांनी दोन वर्षांचं मेडिकल सर्टिफिकेट मागितलं.