एसीतला कुबट वास: सुरुवातीला एवढंच करा

घाबरू नका. नाशकात पावसाळाभर बंद राहिलेला एसी ऑक्टोबरच्या उकाड्यात लावला की हा वास बऱ्याच घरांत येतो.

आधी एमसीबी (एसीचा बोर्डावरचा मेन स्विच) पाडा आणि गार हवा येते त्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारा. आतल्या लांबट ब्लोअरवर काळे ठिपके दिसले तर बहुधा बुरशीच.

- फिल्टरच्या जाळ्या साध्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. ओलीच जाळी बसवणं ही नवख्यांची नेहमीची चूक (माझीही झालीय).
- ड्रेन पाइपमधून पाणी नीट टपकतंय ना? ट्रेमध्ये साचलं तर बुरशी परत येणारच.
- रोज बंद करण्याआधी अर्धा तास नुसत्या फॅन मोडवर ठेवा. कूलिंगमध्ये कॉइलवर (आतल्या गार नळ्यांवर) पाणी धरतं, ते यानं वाळतं. निम्मं काम इथेच होतं.

सुगंधी स्प्रे नको. वास झाकला जातो, बुरशी तशीच राहते. ब्लोअर काळाकुट्ट असेल तर स्वतः खरवडत बसू नका, मेकॅनिककडून काढून धुऊन घ्या. त्या वेळी घरातल्या दमेकरी माणसाला दुसऱ्या खोलीत बसवा. आणि मेकॅनिक ‘गॅस भरावा लागेल’ म्हणाला तर हसून नाही म्हणा, कुबट वासाचा गॅसशी संबंध नाही.