गाडीत लावायचे हॉर्सपॉवर मीटर कितपत खरे आकडे दाखवतात?

तुलनेसाठी चांगले, पण नेमक्या आकड्यासाठी भरवशाचे नाहीत.

हे मीटर शक्ती थेट मोजत नाहीत. प्रवेग मोजायचा, त्याला वजन आणि वेगाने गुणायचं, की चाकांपाशी मिळणारी शक्ती येते. त्यामुळे वजन चुकलं की उत्तरही चुकतं: 1400 किलोच्या गाडीत 70 किलोचा माणूस धरायचा राहिला, तर सरळ 5 टक्के फरक. हवेचा अवरोध तर अंदाजानेच धरलेला असतो आणि वेग वाढेल तशी ती चूक वाढते.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे गाडीचं नाक उचललं जाणं. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी फक्त 1 अंश मागे झुकली, तरी सेन्सरला सुमारे 0.017 जी (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका प्रवेग) इतका जास्तीचा प्रवेग दिसतो. खरा प्रवेग 0.25 जी असेल, तर ही जवळपास 7 टक्क्यांची फुगवट! जीपीएसवाल्या मीटरला झुकण्याचा त्रास नाही, पण रस्त्याचा चढउतार त्याला चकवतो.

ओबीडी पोर्टमधून, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटमधून, वाचणारी उपकरणं ईसीयूचाच (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचाच) हिशोब दाखवतात. म्हणून ट्यूनरने ईसीयूचा मॅप (इंजिनाच्या सेटिंग्जचा तक्ता) बदलल्यावर त्याच्याच स्क्रीनवरचा वाढीव आकडा पुरावा मानू नका. कंपनीचा आकडा इंजिनपाशी मोजलेला असतो, त्याच्याशीही तुलना नको.

बदलाआधी आणि नंतर त्याच सपाट रस्त्यावर, तितक्याच इंधनात, सारख्या हवामानात, दोन्ही दिशांना धावा घ्या आणि सरासरी काढा. हे बंद ट्रॅकवरच करा, रहदारीत अजिबात नको.